एफएल-४१ चष्मा: ट्यूबलाइट सोसत नसेल तर

स्कूटरवरून पडले, डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि घरच्यांनी मला बरी ठरवून टाकलं. पण स्टाफरूमची ट्यूबलाइट लागली की कपाळात कळ, मग मळमळ. सासूबाईंचं एकच, "अगं, काळा गॉगल लाव." न्यूरोलॉजिस्टांनी नेमकं तेच बंद करायला लावलं. घरात काळी काच लावून बसलं की डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखीच टोचतो.

त्यांनी सुचवली ही एफएल-४१ नावाची गुलाबी काच. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश ती बराच अडवते. चष्मेवाला "मॅडम, ब्लू-कट घ्या, एकच आहे" म्हणत होता. एकच नाही! साधा ब्लू-कट त्या पट्ट्यातला प्रकाश फारसा अडवत नाही. एफएल-४१ असं लिहून घ्या आणि नंबर घालूनच बनवा.

फरक? पेपर तपासायला बसू शकते. पूर्वी एक गठ्ठाही उरकत नसे. फ्रेम मोठी, रुंद काड्यांची हवी. नाजूक फ्रेमच्या कडेनं उजेड शिरतोच. हिरवी साडी मात्र मळकट दिसते, आणि सातवी-ब मध्ये माझं नाव 'हिरॉइन बाई' पडलंय, ते असो.

पडल्यापासून येणाऱ्या चक्करेवर मात्र उपयोग शून्य. त्यासाठी हात लांब करून अंगठ्यावर नजर ठेवायची आणि मान डावी-उजवी करायची, हा फिजिओचा कंटाळवाणा व्यायामच लागतो. रात्री गाडी चालवताना हा चष्मा काढा, समोरचं अंधारतं. किंमत साध्या चष्म्यापेक्षा चांगलीच जास्त, तरी पाचपैकी चार.