पिल्लाचे नाव ठरवताना: मोती, ब्रूनो, लाडू की सरमा?

घरात दोन महिन्यांचे पिल्लू आले की पहिल्याच संध्याकाळी नावांची यादी सुरू होते, आणि ती यादी बहुधा डोळ्यांनी वाचून ठरवली जाते: कोणते नाव गोड दिसते, कोणते वेगळे वाटते, कोणते फोटोखाली शोभेल. माझे म्हणणे असे की ही निवड कानाने करावी, कारण पुढची बारा-चौदा वर्षे ते नाव लिहिले जाईल त्याच्या हजारपट वेळा हाकारले जाणार असते. मराठी घरात तर हाक मारताना नाव जसेच्या तसे राहतही नाही. 'मोती' अंगणाबाहेर गेला की 'मोत्या' होतो, 'रॉकी'चा 'रॉक्या' होतो, 'चंपी' रागाच्या वेळी 'चंपे' होते. आमच्याकडे नुकतीच तांबूस रंगाची एक देशी मादी आली आहे. तिच्यासाठी निघालेली नावे चार कुळांत बसत होती: जुनी मराठी, इंग्रजी वळणाची, खाऊची आणि पुराणातली. त्या चौघांची तुलना, आपणही याच निर्णयापाशी अडला असाल तर उपयोगी पडावी, म्हणून येथे मांडतो.

आधी कुत्र्याच्या कानाविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच उभी आहे. बुडापेस्टच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूच्या निरीक्षणातून दाखवले की शब्द आणि सूर या दोन्ही गोष्टी कुत्रे वेगवेगळ्या हेरतात. कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात आला, तरच त्यांच्या मेंदूतील सुखाशी निगडित भाग अधिक जागा होतो. त्याच शहरातून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास नावाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे. ओळखीचा शब्द आणि त्याहून अगदी निराळा असा निरर्थक शब्द यांतला फरक कुत्र्याच्या मेंदूत उमटतो, परंतु ओळखीच्या शब्दातला एखादाच ध्वनी बदलला तर तसा फरक उमटलेला दिसला नाही. म्हणजे आपल्याला 'मोती' आणि 'ज्योती' ही दोन वेगळी नावे वाटतात, कुत्र्याला तसे वाटेलच असे नाही. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात मात्र एक दिलासा देणारी गोष्ट दिसली: आजूबाजूचा गलका हाकेइतकाच मोठा असला तरी, आणि हाक मारणारी बाई अनोळखी असली तरी, कुत्र्यांनी स्वतःचे नाव ओळखले. गलका हाकेपेक्षा मोठा झाल्यावर मात्र ते जमले नाही. आपल्या रस्त्यांवरचा आवाज लक्षात घेता, गोंगाटातून वर येणारे नाव निवडणे हा सोयीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आता जुन्या मराठी नावांकडे येऊ. मोती, वाघ्या, खंड्या, राजा, काळू, तांबू, ढवळ्या, चंपी ही नावे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती केवळ सवयीने नव्हे. त्यांतली बहुतेक दोन अक्षरांची आहेत, स्वरान्त आहेत, आणि शेवटचा स्वर हवा तितका लांबवता येतो. माळावरून किंवा नदीच्या पलीकडून 'वाघ्याऽऽ' अशी हाक घालून पाहा; ती जशी दूर जाते तशी व्यंजनावर थांबणारी 'मॅक्स' ही हाक जात नाही. शिवाय घरातली आजी, शेजारचे तीन वर्षांचे मूल, दूधवाला, वॉचमन या सर्वांच्या तोंडी ते नाव एकसारखे येते. ही बाजू मी फार मोलाची मानतो, कारण घरातल्या चार माणसांनी चार प्रकारे उच्चारलेले नाव पिल्लाला चार शब्दांसारखे वाटू शकते.

याच कुळातल्या काही नावांना मात्र इतर अर्थ चिकटलेले आहेत. 'वाघ्या' हे कुत्र्याचे नाव सर्वांना ठाऊक असले तरी खंडोबाच्या सेवेला वाहिलेल्या भक्तालाही वाघ्या म्हणतात, आणि ज्या घरांत वाघ्या-मुरळीची परंपरा आहे त्या घरांत तो मानाचा शब्द आहे. खंडोबासोबत कुत्रा असतोच, त्यामुळे पुष्कळांना या नावात अनादर दिसत नाही. तरीही आपल्या घरातल्या किंवा वाडीतल्या थोरांना एकदा विचारून घ्यावे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाच्या ऐतिहासिकतेविषयी वाद झालेला आहे, तेव्हा तेही नाव देणाऱ्याला माहीत असलेले बरे. 'राजा', 'सोन्या', 'बाळू', 'बंड्या' यांची अडचण निराळी आणि रोजची आहे: ही माणसांचीही लाडाची नावे आहेत. सोसायटीच्या मैदानावर 'सोन्या' म्हणून हाक मारली की दोन मुले वळून पाहणार, आणि त्या मुलांच्या आईने हाक मारली की आपला कुत्रा धावत जाणार. रंगावरून ठेवलेल्या नावांबाबत इतकेच सांगावेसे वाटते की पिल्लाचा रंग कायम राहील असे धरून चालू नये; जर्मन शेफर्डची काळपट पिल्ले मोठेपणी बरीच उजळतात आणि डाल्मेशियनची पिल्ले तर ठिपक्यांशिवाय, पांढरीच जन्मतात.

ब्रूनो, रॉकी, टायगर, सिंबा, कोको, लिओ ही इंग्रजी वळणाची नावे ध्वनीच्या कसोटीवर जुन्या मराठी नावांच्या जवळच उभी राहतात. तीही बहुधा दोन अक्षरांची आणि स्वरान्त असतात. 'रॉकी' आणि 'कोको' यांतला 'क' ठसठशीत असल्याने हाक उठून ऐकू येते. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर यांची सोय उघड आहे, कारण तिथल्या पशुवैद्याला किंवा शेजाऱ्याला 'काळू'मधला 'ळ' आणि 'वाघ्या'मधला 'घ्य' उच्चारता येत नाही, आणि पाहता पाहता कुत्र्याला एक घरातले व एक बाहेरचे अशी दोन नावे होतात. पण पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनी एकदा प्राण्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसून पाहावे. 'ब्रूनोला आत घ्या' म्हटल्यावर दोघे जण उठतात. बागेत एकाच नावाचे तीन कुत्रे मोकळे असताना कोणाची हाक कोणासाठी आहे हे त्यांना कळावे, अशी अपेक्षा आपण करतो, आणि ते कळले नाही की 'ऐकत नाही' असा शेरा मारतो. हे मला अन्यायाचे वाटते.

इंग्रजी नावांबाबत दुसरी तपासणी आज्ञांशी करावी लागते. आपल्याकडे पुष्कळ प्रशिक्षक 'सिट', 'स्टे', 'कम', 'नो', 'डाउन' असे शब्द वापरतात. अशा घरात 'नोवा' हे नाव ठेवले तर पिल्लाच्या कानावर प्रत्येक हाकेची सुरुवात नकाराने होते. आणि ही अडचण मराठी आज्ञांनाही तितकीच लागू आहे. ज्या घरात 'बस', 'ये', 'जा', 'थांब', 'नको', 'सोड' असे बोलले जाते, तिथे 'बसंती' या नावात 'बस' आहे, 'जादू'त 'जा' आहे, आणि 'नकुल' हे 'नको'च्या फार जवळ जाते. माझ्या एका नात्यातल्या घरी बसंती नावाची कुत्री होती. ती हाकेसरशी यायची ती अर्धे अंतर येऊन बसायची, आणि घरच्यांना ती हट्टी वाटायची. ती बिचारी सांगितलेलेच करत होती.

खाऊच्या नावांचा सध्या बहर आहे: लाडू, पेढा, मोदक, बुंदी, चकली, जिलबी. या नावांत माया आहे, आणि तांबूस गोल पिल्लाला पाहून 'लाडू' हा शब्द ओठांवर येणे अगदी स्वाभाविक आहे. आमच्या घरी धाकट्या मुलीचे मत याच नावाला होते. त्याविरुद्धचा माझा आक्षेप चवीचा नाही, वापराचा आहे. नाव हा कुत्र्यासाठी 'आता माझ्याकडे पाहा' असा संकेत असतो. तो शब्द घरात दिवसभर दुसऱ्याच कारणाने उच्चारला जात असेल, 'लाडू वळायला घ्या', 'अजून एक लाडू वाढ', 'लाडवांचा डबा वर ठेव' असे सतत कानावर पडत असेल, तर पिल्लू आधी दर वेळी मान वर करते, नंतर काहीच घडत नाही हे शिकते, आणि मग नेमके आपण बोलावतो तेव्हाही मान वर करत नाही. 'जिलबी' किंवा 'बुंदी' हे पदार्थ घरात क्वचित होतात, म्हणून त्यांना हा दोष कमी लागतो. 'मोदक' व्यंजनान्त असल्याने हाकेत त्याचा 'मोदक्या' होणारच, आणि गणपतीच्या दिवसांत देवापुढच्या नैवेद्याचा व कुत्र्याचा एकाच शब्दाने उल्लेख करणे घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचत नाही, हेही मी पाहिले आहे.

पुराणातल्या नावांविषयी मला विशेष ओढ आहे, आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कुत्र्यासाठी देवाचे नाव घ्यावे की नाही यावर घरोघरी वाद होतो, परंतु आपल्या वाङ्मयात कुत्र्यांची स्वतःची नावे आहेत याचा विसर पडतो. ऋग्वेदातील सरमा ही देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, आहे. पणी नावाच्या असुरांनी लपवलेल्या गायींचा माग काढत ती नदी ओलांडून जाते, आणि दहाव्या मंडलात तिचा व पणींचा सडेतोड संवाद आहे. तिच्यावरूनच कुत्र्याला संस्कृतात 'सारमेय' म्हणतात. यमाच्या दाराशी असणारे दोन कुत्रे म्हणजे श्याम आणि शबल. महाभारताच्या आदिपर्वात तर सरमा आपल्या निरपराध पिल्लाला मारहाण झाल्याबद्दल थेट राजा जनमेजयाच्या यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. याहून मानाचे नाव कुत्रीला कोणते द्यावे? कानाच्या कसोटीवर मात्र 'सरमा' थोडे मागे पडते: 'र' आणि 'म' हे मऊ ध्वनी आहेत, आणि गलक्यात हाकेचा कणा ढिला पडतो. शहरात 'शर्मा' आडनावाचे शेजारी असतील तर तो प्रश्न वेगळाच. 'शबल' अर्थाने सुंदर आहे, ठिपकेदार कुत्र्याला शोभणारे आहे, पण घरात त्याचे 'शबल्या' होईल हे स्वीकारूनच ठेवावे.

देवांची व इतिहासपुरुषांची नावे मी कुत्र्यासाठी टाळीन. यात कुत्र्याला कमी लेखण्याचा भाव नाही, भैरवाचे वाहनच कुत्रा आहे आणि दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. पण पिल्लाला घरात घाण केल्याबद्दल टोकावे लागते, रस्त्यावर ओरडून बोलवावे लागते, आणि 'शंभू' किंवा 'शिवा' हे नाव त्या वाक्यात ऐकणाऱ्या शेजाऱ्याचे मन दुखावले तर त्याचा राग त्या मुक्या जिवावर निघतो. भोगावे त्याला लागते, म्हणून काळजी आपण घ्यावी.

घरात आधीचा कुत्रा, मांजर किंवा लहान मूल असेल, तर सर्व नावे एका दमात मोठ्याने म्हणून पाहावीत. 'मनी' मांजर असलेल्या घरात 'हनी' पिल्लू नको. 'रिया' नावाची मुलगी असेल तर 'प्रिया' कुत्री नको. सुरुवातीचा ध्वनी, स्वर आणि अक्षरसंख्या यांपैकी किमान दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात, असा मी माझ्यापुरता नियम केला आहे. वेगळेपणाचे चांगले उदाहरण म्हणजे १९९३ च्या स्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात काम केलेला झंजीर हा लॅब्राडोर: 'झ' आणि 'ज' यांची धार असलेले, सहसा कोणा माणसाला नसणारे आणि कोणत्याही आज्ञेशी न भिडणारे नाव.

आमच्यापुरता निर्णय असा झाला. सातारकडच्या जुन्या घरी, मोकळ्या रानात पिल्लू वाढणार असते तर मी दुसरा विचार न करता 'तांबू' ठेवले असते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जिथे जिन्यात, पार्किंगमध्ये आणि बागेत हाक मारायची आहे, तिथे मी चारही कुळांच्या कडेला असलेल्या नावांकडे वळलो: टिकली, भिंगरी, झिपरी, ठिणगी. हे साधे मराठी शब्द आहेत, माणसांना ते नाव म्हणून सहसा दिले जात नाहीत, घरात दिवसातून दहादा उच्चारले जात नाहीत, आणि सर्वांचा शेवट लांबवता येणाऱ्या 'ई'ने होतो. 'टिकली' हे नाव आरशापुढे रोज निघते म्हणून मागे पडले. 'ठिणगी' माझ्या आईला अशुभ वाटले, आणि तिच्या शब्दाला आम्ही मान दिला.

उरलेल्या दोन नावांची आम्ही तीन दिवस परीक्षा घेतली. प्रत्येकाने फाटकापासून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे हाक मारून पाहिली, आईने रागाच्या सुरात मारून पाहिली, धाकटीने झोपेतून उठल्याबरोबर मारून पाहिली. 'झिपरी' रागात उच्चारले की शिवीसारखे वाटू लागले. 'भिंगरी'चे रागात 'भिंगरे' झाले, लाडात 'भिंगू' झाले, आणि दोन्ही रूपांत पहिला 'भिं' तसाच राहिला. पहिला महिना मात्र सर्वांनी पूर्ण नावच घ्यायचे, नाव घेतल्यावर तिने पाहिले की लगेच खाऊचा तुकडा द्यायचा, आणि टोकताना नाव न घेता केवळ 'नको' म्हणायचे, असे ठरले आहे. लसीच्या पुस्तिकेवर नावाची जागा डॉक्टरांनी पहिल्या भेटीत रिकामी सोडली होती. दुसऱ्या डोसच्या वेळी तिथे 'भिंगरी' लिहून घेतले, आणि महापालिकेच्या परवान्याच्या अर्जावरही तेच नाव घातले आहे.