एकाच प्रीफॅबच्या प्रतींना अनुक्रमांक : आठ महिने वापरल्यानंतर

युनिटी या गेम इंजिनमध्ये एकाच प्रीफॅबवरून (म्हणजे वस्तूच्या तयार साच्यावरून) शत्रू, पेट्या, दारं काढायची आणि प्रत्येक प्रतीला चालू क्रमांक द्यायचा, ही पद्धत मी आठ महिने माझ्या गेममध्ये वापरतोय. पुढेही वापरणार आहे. पण पहिल्या दिवशी लिहिलेल्या कोडपैकी आता जवळजवळ काहीच उरलेलं नाही.

सुरुवात नावांपासून झाली. इन्स्टन्शिएट केलं, म्हणजे साच्यातून प्रत काढली, की प्रतीच्या नावापुढे कंसात 'क्लोन' लागतं, आणि सगळ्यांना तेच. कन्सोलवर (कोडचे संदेश दिसतात त्या खिडकीत) एकाच नावाच्या चाळीस ओळी आल्या की भिंतीत नेमका कोणता शत्रू अडकलाय, ते कळत नाही. म्हणून स्पॉनरमध्ये (प्रती काढणाऱ्या कोडमध्ये) काउंटर ठेवला आणि त्याचा आकडा नावाला जोडला. एवढ्यानेच डीबगिंग कितीतरी सोपं झालं. आकडा ००७ असा शून्यं लावून लिहा, नाहीतर अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत १० हा २ च्या आधी येतो.

काउंटरच्या जागी मी आधी यादीतली वस्तूंची संख्याच वापरत होतो. पाच शत्रू, क्रमांक ० ते ४. एक मेला, यादीत चार उरले, आणि नव्या शत्रूलाही ४ मिळाला. मग गोळी एकाला लागायची आणि जीव दुसऱ्याचा कमी व्हायचा. वापरलेला क्रमांक परत द्यायचा नाही, हा नियम तेव्हापासून मी मोडलेला नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो सेव्हने. सीनमध्ये (गेमच्या एका दृश्यात) आधीपासून मांडलेल्या पेट्या अवेकमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट लोड होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, क्रमांक घेत होत्या. वेगवेगळ्या ऑब्जेक्टचे अवेक कोणत्या क्रमाने चालतील याची खात्री नसते, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. त्यामुळे खेळाडूने उघडलेली पेटी लोड केल्यावर बंद दिसायची आणि भलतीच उघडी. आता मांडलेल्या वस्तूंचा क्रमांक एडिटरमध्येच ठरतो आणि सीनबरोबर साठवला जातो. खेळताना जन्मणाऱ्या प्रती १००००० पासून पुढे मोजतो, म्हणजे दोन्ही गट एकमेकांत मिसळत नाहीत. काउंटरचा शेवटचा आकडाही सेव्हमध्ये जातो. तो विसरलात तर लोडनंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यातही एक मेख आहे. साठवलेला क्रमांक असलेली पेटी एडिटरमध्ये डुप्लिकेट केली की क्रमांकही जसाच्या तसा उतरतो. म्हणून सीन सेव्ह होताना दुहेरी क्रमांक शोधून लाल ओळीत दाखवणारी छोटी तपासणी लिहिली. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त समाधान तिने दिलं. इंजिन स्वतः जो इन्स्टन्स आयडी देतं तो गेम चालू असेपर्यंत उपयोगी, पण पुढच्या वेळी तोच असेल असं नाही. सेव्हसाठी त्याच्यावर विसंबू नका.

पूलिंग, म्हणजे प्रती नष्ट न करता साठ्यात ठेवून पुन्हा वापरणं, आणल्यावर आणखी एक बग निघाला. मेलेला शत्रू पूलमध्ये परत जायचा, तिथून त्याच क्रमांकाने बाहेर यायचा, आणि जुन्या शत्रूच्या मागे सोडलेलं क्षेपणास्त्र नुकत्याच आलेल्याकडे वळायचं. पूलमधून बाहेर येणं म्हणजे नवा जन्म, असं मानून आता दर वेळी नवा क्रमांक देतो. आकडे संपतील ही भीती नको: ३२ बिटी पूर्णांक २१४७४८३६४७ पर्यंत जातो. सेकंदाला शंभर दिले तरी अखंड २४८ दिवस पुरतील.

डोमेन रीलोड (प्ले दाबल्यावर कोडची स्थिती नव्याने सुरू करणं) बंद ठेवून काम करत असाल तर स्टॅटिक काउंटर प्ले दाबल्यावर आपोआप शून्यावर येत नाही. तो हाताने शून्य करणारी एक ओळ पहिल्याच दिवशी लिहून टाका.

गेल्या महिन्यात दोन खेळाडूंचा मोड सुरू केला, तेव्हा दोन्ही यंत्रं आपापले क्रमांक वाटत होती आणि एकाचा १०००१२ म्हणजे दुसऱ्याची पेटी. आता क्रमांक फक्त सर्व्हर देतो, क्लायंट (खेळाडूचं यंत्र) मिळालेला जपून ठेवतो. वाटप आधीपासून एकाच फंक्शनमध्ये असल्यामुळे हा बदल एका संध्याकाळी झाला.