लक्षद्वीप की अंदमान? आधी बोटीचा विचार करा

दिवाळी संपली की आमच्या सोसायटीत हा प्रश्न निघतोच. फोटोत दोन्हीकडचं पाणी सारखंच निळं, त्यामुळे निवड अडते. मी आईला घेऊन दोन्हीकडे जाऊन आले. माझं ऐकाल तर समुद्र कसा ओलांडायचा ते आधी ठरवा, बेट आपोआप ठरेल.

लक्षद्वीपला अगत्तीपर्यंत विमान जातं, पण जायचं तर कोचीहून जहाजाने. पुण्याहून एर्नाकुलमला, म्हणजे कोचीलाच, थेट गाडी आहे. पुढे २२० ते ४४० किलोमीटर समुद्र, म्हणजे चौदा ते अठरा तास. आपल्याला, भारतीयांनासुद्धा, प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे कागदपत्रांच्या मागे निदान महिनाभर आधी लागा. 'समुद्रम' सहलीत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय होतं: दिवसा बेटावर, रात्री झोपायला जहाजावर. रोज बॅगा भरायची कटकट नाही. मिनिकॉयचं १८८५ सालचं दीपगृह तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. प्रवाळामुळे मोठं जहाज बहुतेक ठिकाणी बाहेरच थांबतं आणि भर समुद्रात छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी लाटेवर हातभर वर येते, हातभर खाली जाते. खलाशी मनगट घट्ट धरतो, होडी वर आली की "आता!" म्हणतो आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. आईचे गुडघे दुखरे. ती दोनदा मागे सरली, तिसऱ्यांदा उतरली, आणि संध्याकाळी परत चढायचं या धास्तीने दुपारभर धड जेवली नाही.

अंदमानात हा प्रश्न नाही. विमान बदलून श्री विजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, उतरायचं. तिथून स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉक बेटाला, खासगी फेरीबोट साधारण दोन तासांत पोचवते. धक्क्यावरून थेट आत, बसायला एसीत खुर्ची. सरकारी बोट स्वस्त, पण वेळ जास्त घेते. फेरी सकाळचीच घ्या, कारण डिसेंबरात तिथे साडेपाचला अंधार पडतो. दुपारची घेतलीत की राधानगर किनाऱ्याची संध्याकाळ गेलीच.

शिवाय सेल्युलर जेल. फर्ग्युसनच्या वसतिगृहातली सावरकरांची खोली आईने पाहिली होती. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीच्या दारात ती चप्पल काढून बराच वेळ उभी राहिली. तिच्यासाठी सहल तिथेच वसूल झाली.

तेव्हा घरात सत्तरीचं माणूस असेल, लेकरू कडेवर असेल किंवा रजा मोजकी असेल, तर अंदमान. पाय धड असतील आणि रात्री डेकवर बसून नुसतं काळं पाणी बघायला आवडत असेल, तर लक्षद्वीप. मी एकटी असते तर डोळे मिटून तेच निवडलं असतं. पावसाळ्यात दोन्ही नको.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, आलेपाक खिशात असू द्या. आणि परतीचं विमान फेरीच्याच दिवशी काढू नका. वाऱ्यामुळे आमची फेरी रद्द झाली आणि चार तिकिटं पाण्यात गेली. तेव्हापासून शेवटची रात्र मी विमानतळाच्याच गावी काढते.