पंतप्रधानांना पत्र: टपालाने की पोर्टलवर?

आजीची पेन्शन अडकलीय, तालुक्याला खेटे घालून चपला झिजल्या, की कुणीतरी म्हणतंच, "आता थेट पंतप्रधानांनाच लिही!" लिहायचं खरं, पण कसं?

साध्या टपालाने पाठवलं तर पोचलं की नाही याचाही पत्ता लागत नाही. स्पीड पोस्ट केलं की पोचल्याची नोंद तरी हाती राहते. (रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालंय, तेव्हा पोस्टात जाऊन "आरपीएडी करा", म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर करा, असं म्हणू नका.)

पोर्टल म्हणजे सीपीग्राम्स, केंद्र सरकारचं ऑनलाइन तक्रारीचं संकेतस्थळ. पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावरून टाकलेली तक्रारही तिथेच जाते. नोंदणी क्रमांक लगेच मिळतो, पेन्शनचा आदेश, पासबुकाचं पान वगैरे पीडीएफ करून जोडता येतं, तक्रार कुठल्या खात्याच्या टेबलावर आहे तेही दिसतं. 2024 पासून निपटाऱ्याची मुदत 21 दिवस आहे. उत्तर पटलं नाही तर अपील करता येतं. गोम एवढीच, की राज्याचा विषय असेल तर दिल्लीला गेलेली तक्रार फिरून मुंबईलाच येते. आणि गुळमुळीत उत्तर देऊन ती बंद केल्याचेही प्रकार होतात.

कोर्टात असलेलं प्रकरण किंवा माहिती अधिकाराचा अर्ज मात्र पोर्टलवर चालत नाही.

तक्रार असेल तर मी डोळे झाकून पोर्टल निवडेन. टपालाचं पत्रही शेवटी संबंधित खात्याकडेच धाडलं जातं, मग मधले दिवस कशाला घालवा? आजीला स्वतःच्या हाताने चार ओळी लिहायच्याच असतील तर लिहू द्या, फोटो काढून तक्रारीला जोडा.