पिकअपला रिमोल्ड टायर लावून बोटीची ट्रॉली ओढली: दीड वर्ष, तीन टायर, त्यातला एक उडालेला

तीन रिमोल्ड टायर, म्हणजे झिजलेल्या जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेले, घेतले होते. दोन अजून पिकअपखाली मस्त चालतायत, तिसरा घरामागे आहे, आईने त्यात माती भरून अळू लावलंय. तिघांवर रबर एकाच प्लांटमध्ये चढलं, एकाच कंपनीचं, एकाच नक्षीचं, मग असं का झालं ते सांगायला हे लिहितोय, कारण मला रोज कोणीतरी विचारतं की रिमोल्ड लावू की नको, आणि हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

गाडी बोलेरो पिकअप, टायर ७.०० आर १५, ट्यूबवाले. राहायला मालवणजवळ. धंदा म्हणाल तर मिळेल ते भाडं, चिरे, खडी, नारळ, मांडवाचं सामान, आणि मागे चांगला जाड हुक वेल्डिंग करून घेतलाय त्यामुळे काँक्रीटचा मिक्सर आणि वॉटर स्पोर्ट्सवाल्यांच्या बोटी. मे संपत आला की तारकर्ली देवबागच्या बोटी पाण्यातून ओढून काढायच्या आणि कोणाच्या तरी बागेत नाहीतर शेडमध्ये नेऊन ठेवायच्या, पाऊस गेला की परत खाली. फायबरची बोट, वर इंजिन, खाली लोखंडी ट्रॉली, सगळं मिळून टनभर होतंच, आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. त्यात हुकवर पण वजन यावं लागतं, ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के तरी, नाहीतर ती मागून शेपटी हलवायला लागते, मग ऐंशीच्या स्पीडला काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. सांगायचा मुद्दा, हे सगळं मागच्या दोन टायरवर येतं. हौदात माल असला तर अजून वर तो.

मागचा जोड गोटा झाला होता, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत. आमच्या इथे टायर लवकर जातात, चिरेखाणीचे रस्ते जांभ्याचे, धारदार, बटणं, म्हणजे नक्षीचे उंच ठोकळे, अक्षरशः कुरतडून खातात. नवीन जोडीचे मला साडेअठरा हजार सांगितले, रिमोल्डचे एका टायरला एकोणतीसशे. हिशोब करायला कॅल्क्युलेटर लागला नाही.

रिमोल्ड म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, जुन्या चपलेला नवीन तळवा म्हणतात. मी पण म्हणायचो. पण ज्या एसटीतून आपण आंबोली, फोंडा घाट झोपून पार करतो त्या एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर रिमोल्डिंगचे प्लांट आहेत, आणि विमानाच्या टायरवर पण परत परत रबर चढवतात. म्हणजे वस्तू वाईट नाही. कोणत्या टायरवर चढवताय आणि कोण चढवतंय हा खेळ आहे.

मी टायर घेऊन स्वतः कोल्हापूरला गेलो, कारण इथल्या एजंटकडे दिले की आपलेच परत येतील याची खात्री नसते (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे). प्लांटचं नाव देत नाही, भांडण करायचं नाहीये मला. अर्धा दिवस तिथेच बसलो. आधी त्या माणसाने टायर फिरवत फिरवत आतून बाहेरून हात फिरवून बघितला, दिवा लावून, खिळ्याची भोकं खडूने खुणावली. मग मशीनवर उरलेली नक्षी घासून काढली, टायर एकदम खरबरीत टक्कल. जिथे जखम आहे तिथे अजून कोरून साफ केलं आणि पॅच. मग सोल्युशन फवारलं, त्यावर पातळ कच्च्या रबराचा थर, त्यावर आधीच नक्षी पाडलेला तयार पट्टा गुंडाळून रोलरने दाबला. त्यावर रबरी पिशवी चढवून हवा खेचून घेतली आणि मोठ्या कुकरसारख्या टाकीत ढकलला, शंभर डिग्रीच्या आसपास, तीन-चार तास. याला कोल्ड म्हणतात. शंभर डिग्रीला कोल्ड कसं असं मी विचारलं तर तो हसला, म्हणाला जुन्या पद्धतीत साच्यात घालून दीडशेला भाजतात त्यापुढे हे थंडच. कमी भाजल्यामुळे जुन्या कव्हरला, म्हणजे टायरच्या मूळ सांगाड्याला, त्रास कमी, म्हणून लोडच्या गाडीला कोल्डच करा असं त्याचं म्हणणं आणि ते मला पटलं.

माझे दोन्ही पास झाले. एकाला शंभर रुपये पॅचचे जास्त लावले. नक्षी बटणवाली घेतली. पुढे मात्र नवीनच आहेत आणि नवीनच राहणार, पुढचा टायर गेला तर स्टेअरिंग गेलं, तिथे टायरमागे सहा-साडेसहा हजार वाचवण्यात काही अर्थ नाही.

इथपर्यंत शहाणपणा केला. मग निघताना स्टेपनीचा विषय निघाला, माझी स्टेपनी पण गोटा होती आणि तिला बाजूला कट होता म्हणून त्याने नापास केली. तो म्हणाला हा घ्या तयार टायर, कव्हरसकट पाच हजार, कालच काढलाय. दिसायला तर माझ्या दोघांपेक्षा देखणा, काळाकुळकुळीत, बाजूला पॉलिश मारलेलं. घेतला.

आता चांगलं आधी सांगतो. त्या दोन टायरांनी दीड वर्षात माझं कुठेच काही अडवलं नाही. देवबागच्या वाळूतून बोट ओढताना नवीन टायरला जेवढी पकड असते तेवढीच मिळाली, बटणं खोल असल्यामुळे कदाचित जरा जास्तच. एकदा कोल्हापुरातून सेकंडहँड मिक्सर घेतला आणि मागे बांधून फोंडा घाट उतरवला, अख्खा घाट दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये, तरी ब्रेकचा वास येत होता आणि रिमला हात लावता येत नव्हता. खाली येऊन चहा घेतला, टायर नखशिखांत बघितले, जोडाच्या रेषेवर नख घालून बघितलं, काही नाही. खोट काढायचीच तर आवाज. हायवेला साठच्या पुढे गुणगुणतात, सत्तरच्या पुढे सीटला बारीक थरथर येते, बॅलन्सिंग केलं तरी थोडी राहिलीच. आणि पहिल्या पावसात, म्हणजे तो मृगाचा पहिला शिडकावा जेव्हा लाल माती रस्त्यावर साबणासारखी होते, तेव्हा रिकामी गाडी मागून सरकते. नवीन टायरला पण सरकते म्हणा, पण याला जरा जास्त वाटलं मला. ट्रॉली मागे असताना त्या दिवसात मी चाळीसच्या वर जात नाही.

आता तिसरा. एप्रिलच्या शेवटी उजव्या मागच्याला खिळा लागला, स्टेपनी चढवली, पंक्चर काढून घेतलं आणि आळस केला, उद्या बदलू उद्या बदलू करत महिना गेला. मग एकदा बोट गोव्याला इंजिनच्या कामाला न्यायची होती. दुपारची वेळ, ऊन असं की काँक्रीटचा हायवे तव्यासारखा तापलेला, रस्ता रिकामा म्हणून मी पण ऐंशीने मारत होतो. कुडाळ सोडलं आणि खालून धप धप धप. मला वाटलं ट्रॉलीचं काहीतरी. झारापच्या अलीकडे बाजूला घेतली, ट्रॉली ठीक, पिकअपचा उजवा मागचा टायर एका खांद्याला फुगलेला, हात लावला तर चटका बसला. तिथेच बदलायला हवा होता हो, पण पंक्चर काढलेला माझा टायर घरी पडलेला, कारण मी आळशी. म्हटलं हळूहळू बांद्यापर्यंत जाऊ. एक किलोमीटर पण गेलो नसेन, एवढा मोठा फटका बसला की मागच्या बाइकवाल्याने बाइक खाली घातली. त्याला काही झालं नाही, देवाची कृपा, पण शिव्या त्याने मोजून दिल्या आणि त्या मी निमूट घेतल्या. नक्षीचा अर्धा पट्टा रस्त्यावर, मडगार्ड उलटं वळलेलं, टेललाइटची वायर तुटलेली. गंमत म्हणजे टायरात हवा तशीच होती.

आमच्या पंक्चरवाल्या तात्यांकडे आणला. तात्यांनी पक्कडीने उरलेला पट्टा उचकटला आणि मला आत बघायला सांगितलं. मला वाटलेलं रबराचा जोड सुटला असेल. तो सुटलेलाच नव्हता, नवीन रबर जुन्या रबराला घट्ट चिकटून होतं. सुटलं होतं ते त्याच्या खाली, कव्हरच्या आत ज्या स्टीलच्या तारांच्या पट्ट्या असतात तिथे, आणि त्या तारा तांबूस, काही ठिकाणी तर हाताने मोडत होत्या. गंज. तात्या म्हणाले, ‘हो टायर खंय खंय फिरान इलो तां तुका काय म्हायत? आपलो कव्हर आपल्याक म्हायत असता.’

यावर मी नंतर बराच विचार केला. किनाऱ्यावर काम करणाऱ्या गाडीचं मरण हेच आहे. बोट उतरवायला आपण ट्रॉली मागे घेतो, ट्रॉली पाण्यात, पिकअपची मागची चाकं पण पाण्यात, खारं पाणी. टायरला कुठे बारीक खिळ्याचं भोक, कुठे जांभ्याने पाडलेला खोल कट, त्यातून ते पाणी तारांपर्यंत जातं आणि आतल्या आत गंज पसरतो, बाहेरून काहीच दिसत नाही. कोणीतरी असाच टायर वापरून टाकला असणार आणि वरून नवीन पट्टा चढवून तो माझ्याकडे आला. रबर चांगलं, हाडं कुजलेली. आणि ट्रॉली ओढताना तर मागच्या टायरवर सतत ताण, ताणाने उष्णता, त्यात काँक्रीट आणि ऐंशीचा स्पीड.

माझी चूक पण सांगतो, नाहीतर तात्या वाचतील आणि हसतील. वाळूत उतरताना मी हवा कमी करतो, तीस पीएसआयच्या आसपास आणतो, त्याशिवाय देवबागच्या वाळूत टनभर ट्रॉली निघत नाही. वर आलो की परत भरायची असते, लोड असताना मी मागे ६५ ठेवतो (तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या दरवाजाच्या स्टिकरवर बघा, माझं ऐकू नका). पण त्या महिन्यात एकदा रात्र झाली, हवेवाला बंद, आणि मी तसाच कट्टा गावापर्यंत ट्रॉली ओढत गेलो. कमी हवेचा टायर चालताना प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि सुटतो, आतून तापतो, आणि तापला की सगळ्यात आधी पट्ट्यांच्या कडा सुटायला लागतात. गंज त्याचा होता पण शेवटचा धक्का माझा असू शकतो. आता बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर सीटमागे असतो, अठराशेचा, आवाज खूप करतो आणि एका टायरला दहा मिनिटं खातो पण उपकार आहेत त्याचे.

प्लांटवाल्याला फोन केला तर पहिलं वाक्य ‘लोड जास्त होता’. हे त्यांचं ठरलेलंच असतं. फोटो पाठवले गंजलेल्या तारांचे, मग दोन दिवस गप्प, मग अडीच हजार परत केले. अर्धे पैसे. मडगार्ड आणि वायरिंगचे बावीसशे माझेच गेले. वाईट म्हणत नाही त्याला, पण तो टायर विकण्याआधी त्याच दिव्याखाली त्याच हाताने तपासला असता, जसे माझे दोन तपासले, तर त्याला ते दिसलं नसतं असं मला वाटत नाही.

तर मार्क द्यायचे झाले तर माझ्या स्वतःच्या कव्हरवर चढवलेल्या दोन टायरना पाचपैकी चार, एक आवाजासाठी कापला. तयार टायरला भोपळा. स्वतःचं कव्हर द्यायचं, बाजूवर तारखेचे चार आकडे असतात ते वाचून द्यायचं (२३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला), पाच-सहा वर्षांच्या वरचं असेल तर मी तरी आता देत नाही, आणि देताना कव्हरवर आतून ऑइलपेंटने खूण करायची, म्हणजे परत येतो तो आपलाच. आणि अगदी गोटा होईपर्यंत थांबू नका, तारा दिसायला लागल्या की प्लांटवाला पण हात जोडतो.

ट्रॉलीच्या स्वतःच्या टायरचं वेगळंच आहे. तिथे लोक कुठलाही रिमोल्ड घालतात, ट्रॉलीला काय, म्हणतात. ती ट्रॉली पावसाळाभर एकाच जागी उभी असते, टायर हळूहळू बसतो, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि पाऊस गेल्यावर हवा मारून थेट हायवेला. मी आता ट्रॉली ठेवताना खाली चिरे लावून चाकं उचलून ठेवायला सांगतो, बोटवाले ऐकतात कधी, कधी नाही. गेल्या वर्षी एकाने ऐकलं नाही आणि चौके गावात टायर बसला, रात्री साडेनऊला, पावसात, आणि त्या साइजचा दुसरा टायर अख्ख्या मालवणात मिळेना.

माझ्या जोडीवर अजून बटणं निम्मी शिल्लक आहेत. दोघांपैकी डाव्याला परवा चिरेखाणीत नवीन कट लागलाय, खोल नाहीये, पण तारीख लिहून ठेवलीये आणि तो भरून घेईपर्यंत गाडी पाण्यात नेणार नाही, तसं बोटवाल्यांना सांगून झालंय, ते रागावलेत.