आठ महिने, चार कॉम्प्युटर: दर महिन्याचं अपडेट की अख्खी नवी विंडोज?

चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर चार. जूनमध्ये दाखले, जुलैमध्ये पीकविमा, ऑक्टोबरमध्ये केळीचा फळपीक विमा, अशी वर्षभर गर्दीची पाळी लागलेली असते. त्यामुळे अपडेटची सूचना दिसली की मी पुढे ढकलायची. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवून ठेवता येतात, आणि मी ते पुरेपूर वापरत होते. २०२५ च्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) भाचा सुटीवर आला. त्याने चारही मशीन तपासल्या. काउंटरवरच्या दोन मशीन विंडोज ११ च्या २३एच२ या जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या, तिसरं मशीन विंडोज १० वर आणि चौथं २०१४ चं, विंडोज ११ च्या अटींत न बसणारं. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार होती. लोकांची आधार कार्डं, सातबारा, बँक पासबुक ज्या मशीनवर उघडतात, ती अशी ठेवणं मला पटेना. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत आम्ही सगळे प्रकार करून पाहिले.

माझा पहिला गैरसमज असा होता की सहा महिने अपडेट चुकवली तर सहाच्या सहा एकामागून एक टाकावी लागतील, थकलेल्या हप्त्यांसारखी. तसं नाही. विंडोजचं मासिक अपडेट खतावणीसारखं असतं: मागच्या पानाची बाकी पुढच्या पानावर ओढलेली असते. जूनच्या अपडेटमध्ये मे आणि एप्रिलच्या दुरुस्त्या असतातच. शिवाय मशीनवर जे आधीच आहे ते सोडून उरलेलंच उतरतं. माझ्याकडे महिन्याला साधारण ५०० ते ९०० एमबी लागले. हे कळल्यावर मला वाटलं, मग वर्षातून एकदाच टाकलं तरी चालेल. भाच्याने समजावलं की बाकी जुळेल, पण मधले महिने मशीन उघडी राहील त्याचं काय? त्याचं बरोबर होतं.

पूर्ण आवृत्ती बदलणं हे वेगळं काम. २३एच२ वरून २४एच२ वर जाताना विंडोजचा गाभाच बदलतो. फाइल पाच जीबीच्या वर. नवी विंडोज बसते आणि जुनी ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवली जाते. दहा दिवसांच्या आत परत फिरता येतं, नंतर ती आपोआप पुसली जाते. माझ्या पहिल्या काउंटरला १२० जीबीची एसएसडी आहे, त्यात वीस-बावीस जीबी त्या फोल्डरने खाल्ले. ते दहा दिवस स्कॅन केलेल्या फाइली मी बाहेरच्या डिस्कवर टाकत होते.

त्या काउंटरचं अपडेट मेमध्ये रात्री नऊला लावलं. दिवसा ४४ अंश तापलेलं, घराघरांत कूलर सुरू. पडद्यावर साठ टक्क्यांच्या पुढे आकडा गेला आणि लाईट गेली. यूपीएसने दहा-बारा मिनिटं तग धरला आणि मशीन बंद झाली. आत त्या आठवड्याचे चाळीसेक फॉर्म होते. पाऊण तासाने लाईट आली, बटण दाबलं, तर आधीची आवृत्ती परत आणत असल्याचा संदेश आला. रात्री एक वाजेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. सगळं जसंच्या तसं परत आलं, एकही फाइल गेली नाही. पूर्ण अपडेटबद्दल माझ्या मनात जो विश्वास बसला तो त्या रात्री. पुढच्या रविवारी पहाटे पाचला पुन्हा लावलं. त्या वेळी लोड कमी असतो आणि इन्व्हर्टर भरलेला असतो. दीड तासात झालं. उन्हाळ्यात खानदेशात कुणी विचारलं तर मी हीच वेळ सांगेन.

दुसऱ्या काउंटरला इंटरनेटवरून पुन्हा पाच जीबी उतरवले नाहीत. आयएसओ फाइल (अख्खी विंडोज एकाच फाइलीत) बाहेरच्या डिस्कवरून आणली, दोनदा क्लिक करून उघडली, सेटअप चालवला आणि ‘फाइली आणि अ‍ॅप ठेवा’ हा पर्याय निवडला. प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, सगळं जागच्या जागी राहिलं.

चूक झाली ती तिसऱ्या मशीनवर. एका ओळखीच्याने सांगितलं, ‘ताई, दहावरून अकरावर जाताय तर कोरीच टाका, मशीन पळेल.’ खरं तर तीही वरच्या पद्धतीने, काही न पुसता अकरावर गेली असती. आम्ही डिस्क साफ करून कोरी टाकली. विंडोज बसायला पाऊण तास लागला आणि दुकान पूर्ववत व्हायला दोन दिवस. ठसा यंत्राचा ड्रायव्हर, त्याची आरडी सेवा (ठसा आधारच्या यंत्रणेकडे पाठवणारं सॉफ्टवेअर), टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळं नव्याने. सगळ्यात जास्त खोळंबा झाला तो फॉन्टचा. लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्टचं फोल्डर आम्ही आधी काढून ठेवलं नव्हतं, दुसऱ्या काउंटरवरून एकेक शोधून आणलं. बाहेर एक आजी नातवाच्या दाखल्यासाठी दोन वेळा येऊन गेल्या. ‘ताई, मना दाखला आज व्हई का?’ हे त्यांचं विचारणं मला अजून आठवतं. त्यांना अडावदहून एसटीने यावं लागत होतं, ते भाडं माझ्या चुकीमुळे वाया गेलं.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. २४एच२ कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे कधी मशीनने रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, मागितली आणि ती सापडली नाही, तर डेटा गेलाच. आम्ही ४८ आकडी की खात्यातून काढून कागदावर लिहिली आणि गल्ल्यात ठेवली.

मासिक अपडेटची घडी मात्र छान बसली. ते अमेरिकेत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे आपल्याकडे त्याच रात्री उशिरा. बुधवारी ते फक्त मागच्या टेबलावरच्या तिसऱ्या मशीनवर घेतो. त्यावर ठसा लागतो का, टोकन चालतं का, प्रिंट निघते का, हे तीन-चार दिवस पाहतो, मग रविवारी काउंटरवर. अपडेट दुकानातल्याच दुसऱ्या मशीनवरून घेण्याची सेटिंग चालू केली, त्यामुळे बरंचसं एकदाच उतरतं. फायबर बंद पडून मोबाईलचं हॉटस्पॉट लावलं की ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचं) करून ठेवते, नाहीतर दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. जुलैच्या अपडेटनंतर प्रिंटर अर्धं पान छापू लागला होता. ते मागच्या टेबलावरच दिसलं, नवा ड्रायव्हर टाकून सुटलं, आणि काउंटरवर पीकविम्याच्या रांगेतल्या कुणाला थांबावं लागलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पहिल्या काउंटरवर २५एच२ घेतलं तेव्हा मी पुन्हा पहाटेचा गजर लावला होता. तसं लागलंच नाही. २४एच२ आणि २५एच२ चा पाया एकच आहे. नवा भाग मासिक अपडेटमधून आधीच येऊन बंद अवस्थेत पडलेला असतो, छोटंसं पॅकेज तो चालू करतं. एकदा रीस्टार्ट, चहा होईपर्यंत काम संपलं. म्हणून आता मी आवृत्तीचं नाव बदललं एवढ्यावर घाबरत नाही. पाया बदलतोय का, हे आधी विचारते.

चौथ्या जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत सिस्टिम टाकली. टायपिंग आणि झेरॉक्सपुरती ती उत्तम चालते, आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रोजची छोटी अपडेट घेण्याआधी टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रॅमने सिस्टिमची प्रत काढून ठेवतो. माझ्या ठसा यंत्राची सेवा त्यावर चालली नाही, त्यामुळे केवायसीचं काम तिथे होत नाही.

दुसरा काउंटर अजून २४एच२ वरच आहे, कारण टोकनच्या पुरवठादाराकडून २५एच२ बद्दल स्पष्ट उत्तर आलेलं नाही. त्या आवृत्तीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, नेमकी केळीच्या विम्याच्या गर्दीत. तोवर थांबणार नाही. पोळा झाला की पहिल्या रविवारी, फॉन्ट आणि ड्रायव्हरचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन, तेही उरकणार आहे.