टिलॉटसन वाचायचा तर आधी काय: प्रवचनं की पत्रं?

सतराव्या शतकातल्या इंग्लंडचा अभ्यास करणारा असो, इंग्रजी गद्य कसं घडलं हे शोधणारा असो, की रविवारी वेदीजवळ उभं राहून उपदेश करणारा पाळक असो, जॉन टिलॉटसन हे नाव कधी ना कधी त्याच्या समोर येतंच. १६९१ च्या मे महिन्यात तो कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च धर्मगुरू, झाला आणि १६९४ च्या नोव्हेंबरात वारला. म्हणजे पद जेमतेम साडेतीन वर्षांचं. पण त्याआधी जवळजवळ तीस वर्षं लंडन त्याला ऐकत होतं. लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत वकील मंडळी समोर असायची, सेंट लॉरेन्स ज्युरीच्या चर्चमध्ये मंगळवारी शहरातले व्यापारी आणि इतर पाळकसुद्धा येऊन बसायचे. यॉर्कशायरमधल्या सॉवरबी गावच्या प्युरिटन कापडव्यापाऱ्याचा हा मुलगा. बायको राजेशाही उलथवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलची भाची. तरीही राजेशाही परतल्यावर तो प्रस्थापित चर्चमध्ये राहिला आणि थेट शिखरावर पोचला.

त्याचं लेखन हाती घेणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एकीकडे प्रवचनं, दुसरीकडे पत्रं. दोन्ही पुरती वाचायला सवड फार थोड्यांना असते, म्हणून निवड करावी लागते. बहुतेक जण प्रवचनांपासून सुरुवात करतात, कारण ग्रंथालयात तीच हाताला लागतात. माझं मत उलटं आहे: आधी पत्रं वाचावीत, तीसुद्धा निवडक, आणि मग प्रवचनांकडे वळावं. का, ते दोन्ही समोरासमोर ठेवूनच सांगता येईल.

आकाराच्या बाबतीत दोघांची बरोबरीच नाही. टिलॉटसनने हयातीत ५४ प्रवचनं स्वतः छापली. तो गेल्यावर राल्फ बार्कर याने हस्तलिखितांतून आणखी २०० काढली. त्या हस्तलिखितांच्या हक्कांपोटी टिलॉटसनच्या विधवेला २५०० गिनी मिळाल्या. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती, आणि तिला गरजही होती, कारण नवरा मागे कर्ज ठेवून गेला होता. प्रवचनांना इतका भाव यायचा, कारण गावोगावचे पाळक ती विकत घेत, त्यावरून आपली प्रवचनं बेतत, काही तर तीच वाचून दाखवत. पत्रांचा असा ग्रंथ नाही. थॉमस बर्च याने १७५२ मध्ये टिलॉटसनचं चरित्र लिहिलं, त्यात बरीच पत्रं आली. लेडी रेचल रसेलच्या पत्रसंग्रहात काही सापडतात. ती शोधून, तारखा लावून, समोरचा माणूस कोण हे समजून घेऊन वाचावी लागतात. ही मेहनत नको असेल तर प्रवचनं बरी.

प्रवचनांची पहिली जमेची बाजू म्हणजे भाषा. त्याच्या आधीच्या पिढीतले नावाजलेले उपदेशक बायबलमधलं एखादं वचन घेऊन त्याचा शब्द न् शब्द सोलत बसत. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, कोट्या, उपमा यांची नुसती रेलचेल. टिलॉटसनने हे सगळं बाजूला सारलं. वाक्य साधं, मुद्दा एक, त्याची कारणं दोन-तीन, मग शंका आणि तिचं उत्तर. आपण गद्य लिहायला शिकलो ते टिलॉटसन वाचून, असं कवी ड्रायडन म्हणत असे, अशी नाटककार काँग्रीव्हची साक्ष आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे इंग्रजी आजही न अडखळता वाचता येतं, आणि इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला ही सोय लहान नाही.

दुसरी बाजू विचाराची. याचा नमुना म्हणून ७ मार्च १६९० ला राणी मेरीपुढे केलेलं प्रवचन घ्या. विषय नरकातल्या अनंत शिक्षेचा, मत्तय २५:४६ या वचनावरचा. शिक्षा अनंत असल्याचं वचनात स्पष्ट आहे, हे तो मान्य करतो. मग हळूच एक भेद मांडतो. कुणी काही देण्याचं वचन दिलं की समोरच्याचा त्यावर हक्क तयार होतो, ते मोडणं म्हणजे अन्याय. धमकीचं तसं नाही. ज्याने शिक्षेची धमकी दिली त्याने ती अमलात आणली नाही तर कुणाचा हक्क बुडत नाही. देवाने ताकीद दिली आहे, पण ती शेवटपर्यंत पाळण्याचं बंधन त्याच्यावर नाही. एवढंच. नरक नाही असं तो कुठेही म्हणत नाही. पण विरोधकांनी तो नरक बुडवायला निघाला म्हणून गहजब केला. कायद्याच्या कोर्टात शोभेल असा हा युक्तिवाद राणीसमोर, तोही इतक्या शांत सुरात. लिंकन्स इनच्या वकिलांपुढे इतकी वर्षं बोलल्याचं वळण इथे दिसतं.

पण प्रवचनांची एक मोठी मर्यादा आहे. दहा-बारा वाचली की साचा कळतो. धर्म हा शहाणपणाचा व्यवहार आहे, त्यात इहलोकीही फायदा आहे, देवाच्या आज्ञा कठीण नाहीत (१ योहान ५:३ वरचं त्याचं प्रवचन फार गाजलं) हे सूर पुन्हा पुन्हा लागतात. ख्रिस्ताच्या दुःखाचा, पापाच्या वेदनेचा, आतल्या झगड्याचा स्वर क्वचित ऐकू येतो. १७४० मध्ये उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्डने त्याच्यावर कडाडून टीका केली ती याच कारणाने. कॅथलिकांविषयी तो बोलतो तेव्हा आवाज कठोर होतो. ५ नोव्हेंबर १६७८ ला संसदेच्या कॉमन्स सभेपुढचं प्रवचन वाचताना त्या वर्षी लंडनमध्ये पसरलेली कॅथलिक कटाची भीती ध्यानात ठेवावी लागते. आणि बार्करने काढलेली २०० प्रवचनं लेखकाच्या शेवटच्या नजरेखालून गेलेली नाहीत. सुरुवात करायची तर ती ५४ मधूनच करावी.

आता पत्रं. यातलं एक पत्र वाचल्याशिवाय टिलॉटसन कळत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

जुलै १६८३. राजा दुसरा चार्ल्स याला मारण्याच्या राय हाऊस कटाच्या आरोपात लॉर्ड विल्यम रसेलला देहदंडाची शिक्षा झाली होती. राजाने धर्मावर आणि स्वातंत्र्यावर घाला घातला तर प्रजेने प्रतिकार करावा, असं रसेलचं मत, आणि ते सोडायला तो तयार नव्हता. टिलॉटसन आणि त्याचा पाळक मित्र गिल्बर्ट बर्नेट तुरुंगात त्याच्याकडे जात होते. २० जुलैला, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी, टिलॉटसनने त्याला पत्र दिलं. ख्रिस्ती धर्म सत्तेचा प्रतिकार करायला स्पष्ट मनाई करतो, असं त्यात होतं. आपला धर्म कायद्याने प्रस्थापित आहे म्हणून आपलं प्रकरण वेगळं, या रसेलच्या म्हणण्यावर त्याचं उत्तर असं: ज्या कायद्याने हा धर्म प्रस्थापित केला, तोच कायदा कोणत्याही सबबीखाली शस्त्र उचलायला बंदी करतो. ही मोठी चूक आहे, तिचा पश्चात्ताप न करता जाऊ नका, अशी विनवणी शेवटी आहे. रसेल पत्र घेऊन आतल्या खोलीत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाला, पटवून घ्यायची माझी तयारी होती, पण पटलं असं मी म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी लिंकन्स इन फील्ड्समध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं. टिलॉटसन तिथे त्याच्यासोबत होता.

पत्र पुढे छापून बाहेर पडलं. पाच वर्षांनी राज्यक्रांती झाली, जेम्स राजा पळाला, विल्यम आणि मेरी गादीवर आले. १६८३ मध्ये प्रतिकार हे पाप म्हणणारा टिलॉटसन प्रतिकारातून आलेल्या राजाचा आवडता पाळक झाला. नव्या राजाची शपथ घ्यायला आर्चबिशप सँक्रॉफ्टने नकार दिला. हा सँक्रॉफ्ट म्हणजे जेम्सच्या हुकमाला विरोध केला म्हणून लंडनच्या टॉवरमध्ये तुरुंगात गेलेल्या सात बिशपांपैकी एक, तेव्हा भित्रा म्हणून त्याला कुणी हिणवू शकत नव्हतं. त्याला पदावरून काढलं, आणि ती जागा टिलॉटसनला मिळाली. विरोधकांनी रसेलचं ते पत्र नंतर पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडावर फेकलं, यात नवल नाही.

आणि हे सगळं घडत असताना तो मन मोकळं करत होता ते कुणाकडे? रेचल रसेलकडे. त्याच रसेलच्या विधवेकडे. मला या पत्रव्यवहाराइतकं जवळचं त्याच्या लेखनात दुसरं काही वाटत नाही. १६८९ च्या सप्टेंबरात तो तिला लिहितो की सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या डीनपदासाठी (तिथल्या प्रमुख पाळकाच्या जागेसाठी) राजाच्या हाताचं चुंबन घेतल्यावर मी आभार मानले, म्हटलं आता उरलेलं आयुष्य निवांत जाईल. राजा म्हणाला, छे, तसं काही नाही, आणि एका मोठ्या पदाचं नाव काढलं, ज्याचा विचार करायलाही मला भीती वाटते. पुढच्या वर्षीच्या पत्रांत ही भीती वाढत जाते. तो राजाला पुन्हा पुन्हा टाळतो, राजा सोडत नाही. शेवटी रेचलच त्याला सल्ला देते की आता सुटका दिसत नाही, जबाबदारी उचला. ज्या माणसाने तिच्या नवऱ्याला शेवटच्या दिवशी मत बदलायला विनवलं होतं, त्याला ती धीर देते आहे. या दोघांमध्ये काय बोलणं झालं असेल, काय गिळलं गेलं असेल, हे पत्रांत शब्दांत येत नाही. पण तारखा लावून वाचलं की जाणवत राहतं.

एकाच विषयावर प्रवचन आणि पत्र दोन्ही उपलब्ध असतील तर तुलना आणखी धारदार होते. तो त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाही, असा आरोप त्याच्यावर सतत व्हायचा. त्याला उत्तर म्हणून १६९३ मध्ये त्याने ख्रिस्ताचं देवत्व आणि देहधारण यांवरची आपली चार जुनी प्रवचनं छापली. त्यांत श्रद्धेचा स्वर पक्का आहे, कुठे फट नाही. पुढच्याच वर्षी, २३ ऑक्टोबर १६९४ ला, बर्नेटला लिहिलेल्या पत्रात मात्र अथेनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकाराविषयी (चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या विधानाविषयी) तो म्हणतो की यातून आपण सुटलो असतो तर बरं झालं असतं. त्यानंतर महिन्याच्या आतच तो वारला. काही जण यावरून त्याला दुटप्पी ठरवतात. मला तसं वाटत नाही. त्रैक्य मानणं वेगळं, आणि जो ते अमुक शब्दांत मानणार नाही तो नाश पावेल असं त्या मतांगीकारात म्हटलं आहे, ते वाचून दाखवणं वेगळं. नुसती प्रवचनं वाचणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही.

पत्रांची बाजू घेताना त्यांची उणीव झाकू नये. विचारवंत टिलॉटसन तिथे फार कमी भेटतो. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवरचा आपला निबंध ज्या युक्तिवादाने सुरू केला, तो टिलॉटसनच्या प्रभुभोजनाविषयीच्या लेखनातला. पत्रांत असलं काही मिळत नाही. शिवाय १६८३ ते १६९१ या काळाची माहिती नसेल तर निम्मे संदर्भ डोक्यावरून जातात.

तेव्हा निवड तुम्हाला काय हवं यावर. गद्यशैली शिकायची असेल किंवा अभ्यासक्रमात सतराव्या शतकातलं इंग्रजी गद्य असेल तर थेट प्रवचनं घ्या, आणि १६६४ चं ‘धार्मिक असण्यातलं शहाणपण’ हे ईयोब २८:२८ वरचं प्रवचन पहिलं वाचा. पाळकांनी तीत ३:२ वरचं, पाठीमागे निंदा करण्याविरुद्धचं १६९४ चं प्रवचन वाचावं. रविवारी समोर बसलेल्या माणसांना नावं न ठेवता त्यांच्या रोजच्या दोषावर बोट कसं ठेवायचं, ते तिथे दिसतं. राजकारण आणि इतिहास हवा असेल तर रसेलचं पत्र आणि रेचलशी झालेला पत्रव्यवहार. यांपैकी कशातच न बसणाऱ्या, नुसत्या उत्सुक वाचकाला मी हा क्रम सांगेन: आधी २० जुलै १६८३ चं पत्र, मग १६८९ ते १६९१ मधली रेचलला लिहिलेली पत्रं, मग २९ जुलै १६९४ चं सचोटीवरचं प्रवचन.

हे शेवटचं प्रवचन बायबलमधल्या नथनेलविषयीच्या येशूच्या वचनावर आहे: ‘ह्याच्या ठायी कपट नाही.’ टिलॉटसन म्हणतो, एखाद्या गुणाचा देखावा करणं फायद्याचं असेल तर तो गुण खरोखर अंगी असणं त्याहून फायद्याचं, कारण देखावा टिकवायला रोज कष्ट पडतात. तोंडदेखलं बोलणं इतकं वाढलं आहे, अशी त्याची तक्रार आहे, की शे-दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस परत आला तर आपली भाषा समजायला त्याला शब्दकोश लागेल. १७११ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाने हा भाग उचलून छापला आणि तो पुढे पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. सुटा वाचला तर तो नीटस नीतिपाठ वाटतो. पत्रांनंतर वाचला की कळतं, ज्याला अर्धं इंग्लंड ढोंगी म्हणत होतं, तो माणूस हे बोलतो आहे. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत त्याच्याविरुद्धच्या पत्रकांचा एक गठ्ठा सापडला. वर त्याच्या हातची चिठ्ठी होती: ही बदनामीची पत्रकं आहेत, देव त्यांना क्षमा करो, मी केली आहे. ती चिठ्ठी ना प्रवचनांच्या खंडांत आहे, ना रेचलच्या पत्रांत. ती बर्चच्या चरित्रात मिळते. म्हणून एकच पुस्तक मिळवायचं असेल तर बर्चचं मिळवा आणि त्याच्या जोडीला हयातीत छापलेल्या प्रवचनांचा कोणताही एक खंड.